चिलेशेचं कापड

चिलेशे वारली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, तिच्या आईचा गीताबाईंना फोन आला.

गीताबाई सोनकांबळे एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मरणाची बातमी नातेवाइकांना कशी सांगायची, हे त्यांनी नव्या पोरींना शिकवलेलं होतं. पण इथं बातमी सांगायची नव्हती. ती झांबियातल्या त्या आईला आदल्या दिवशीच कळली होती, कॉलेजकडून. डेंग्यू, प्लेटलेट्स उतरलेल्या, दवाखान्यात आणायला झालेला उशीर. तेवीस वर्षांची पोर तीन दिवसांत गेली. कॉलेजच्या फॉर्मवर ‘स्थानिक पालक’ म्हणून गीताबाईंचं नाव आणि नंबर होता. तो तिथूनच आईला मिळाला होता.

“मामा गीता,” बाई इंग्रजीत म्हणाली. मामा म्हणजे त्यांच्याकडे आई; चिलेशेही गीताबाईंना तेच म्हणायची. आवाज घोगरा झाला होता, पण ती रडत नव्हती. “मी बाना चिलेशे. आमच्याकडे बाईला लेकराच्या नावानं ओळखतात. चिलेशेची आई.”

“आमच्यातही तसंच,” गीताबाई कशाबशा म्हणाल्या.

“माझी मुलगी शेवटपर्यंत तुमच्या घरात होती, परक्यात नव्हती, एवढ्या एका गोष्टीवर मी उभी आहे. देव तुमचं भलं करो.”

गीताबाईंच्या हातात कणकेची परात होती. ती त्यांनी ओट्यावर ठेवली आणि तिथंच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. चिलेशे त्यांच्या घरात नव्हती. साडेतीन महिन्यांपूर्वीच गीताबाईंनी तिला खोली सोडायला लावली होती.

मलकपेठेतलं त्यांचं घर दुमजली. खाली त्या आणि नामदेवराव, वर गच्चीला लागून एक खोली. मुलगा आदर्श नोकरीसाठी बेंगळुरूला गेल्यापासून ती रिकामी पडली होती. कॉलेजातल्या एका बाईच्या ओळखीनं चिलेशे आली. उंच, हसरी, डोक्यावर बारीक बारीक वेण्यांचं जाळं. फार्मसी शिकत होती. पहिल्याच आठवड्यात ती खाली येऊन गीताबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली आणि भाकरी थापायला शिकवा म्हणाली. ज्वारीचा घाटा खाऊन तर तिनं डोळेच मिटले. तिच्या देशातलं मक्याच्या पिठाचं जेवण असंच असतं म्हणे. “मामा, हे माझ्या घरचं आहे,” म्हणाली.

दहा महिने बरे गेले. मग कॉलनीत कुजबुज सुरू झाली. तिच्याकडे तिच्या देशातली पोरंपोरी येतात, वास येतो सुक्या मासळीचा, कोण जाणे काय विकतात. विकण्याबिकण्याचं सगळं झूट होतं, हे गीताबाईंना पक्कं माहीत होतं. शेवटी असोसिएशनचे सेक्रेटरी एकनाथराव स्वतः घरी आले. निवृत्त वकील, जुन्या शहरातलं खानदानी घराणं, बोलणं मधासारखं. “नामदेवराव, तुम्ही समजूतदार माणसं. म्हणून तर यंदा आम्ही तुम्हाला कमिटीवर घेतलं. पोलिसांपर्यंत गोष्ट जायला नको.”

नामदेवराव आरटीसीच्या बस डेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. या कॉलनीत घर बांधून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती, आणि कमिटीच्या बैठकीत खुर्चीवर बसायचा मान त्यांना यंदा पहिल्यांदा मिळाला होता. त्यांचे वडील देवराव कंधारहून या शहरात आले, तेव्हा आडनाव ऐकून नऊ घरमालकांनी दार लावून घेतलं होतं. देवराव ती नऊही घरं शेवटपर्यंत बोटानं दाखवत. नामदेवरावांना ती सगळी पाठ होती. तरी त्या संध्याकाळी ते म्हणाले, “गीता, तूच सांग तिला. बाईनं सांगितलेलं बरं.”

आणि गीताबाईंनी सांगितलं. येत्या रविवारपर्यंत खोली सोड म्हणून, आदर्श परत येतोय असं खोटं कारण देऊन. चिलेशेनं त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि “ओके मामा” म्हणाली. शनिवारीच ती दोन बॅगा घेऊन रिक्षात बसून गेली. टोळीचौकीला चार मुलींबरोबर राहते, असं पुढं कुणाकडून तरी कळलं. गीताबाईंनी दोनदा फोन करायचा म्हणून नंबर काढला आणि केला नाही.

हे आईला ठाऊक नव्हतं. पोरीनं घरी कळूच दिलं नव्हतं.

“एक काम आहे,” बाना चिलेशे सांगत होती. “उद्या रात्रीच्या विमानानं पेटी निघेल. कॉलेजची मुलं कागदपत्रं करतायत. पण ती दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीत येऊ नये. पेटी उघडली की मला तिच्यावर आपलं कापड दिसलं पाहिजे. चितेंगे. आमच्या बायका नेसतात, लेकरं पाठीला बांधतात, मेल्यावरही तेच. तुमच्या शहरात एक दुकान आहे. चिलेशेनं मला फोटो पाठवला होता. तुम्ही जाल?”

“जाते,” गीताबाई म्हणाल्या. “आत्ता जाते.”

फोन ठेवल्यावर बघतात तर नामदेवराव स्वयंपाकघराच्या दारात उभे. त्यांनी इकडचं बोलणं ऐकलं होतं. “काय म्हणाली?” त्यांनी विचारलं.

“आभार मानले,” गीताबाई म्हणाल्या आणि साडी बदलायला आत गेल्या.

फोटोत चिलेशे एका अरुंद जिन्याच्या तोंडाशी उभी होती. वर पाटी होती: जुलेखा आफ्रिकन स्टोअर, नामपल्ली. गीताबाई मलकपेठहून मेट्रोनं नामपल्लीला उतरल्या, दोघातिघांना फोटो दाखवत दाखवत त्या गल्लीत पोचल्या. खाली झेरॉक्सचं दुकान, वर हे.

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. एका भिंतीला लाकडी मुखवटे, दुसरीकडे मण्यांच्या माळा, गवताच्या विणलेल्या टोपल्या, दगडातून कोरलेले पाणघोडे आणि जिराफ. कोपऱ्यात केसांना जोडायच्या वेण्यांची पाकिटं, मक्याच्या पिठाच्या पिशव्या. आणि समोर, जमिनीपासून छतापर्यंत, कापडं. इतके रंग एकत्र बघून गीताबाईंना गरगरल्यासारखं झालं. अशा दिवशी एवढे रंग डोळ्यांना सोसत नाहीत.

एक तरुण जोडपं मुखवटे बघत होतं. नवं घर घेतलं असावं. “हॉलमध्ये टीव्हीच्या वर कसा वाटेल?” नवरा विचारत होता. “पण हा अशुभ नसेल ना?” बायको म्हणाली. काउंटरमागची बाई शांतपणे म्हणाली, “लकडी है अम्मा. शुभ-अशुभ कुछ नई रहता.”

ती जुलेखा. पन्नाशीची, काळीसावळी, दाट कुरळे केस ओढणीखाली बांधलेले. जोडपं एक जिराफ घेऊन गेलं. गीताबाई तिच्याकडे बघतायत हे तिच्या ध्यानात आलं असावं. ती थोडं हसली.

“पूछो, पूछो. सब पूछते, कौनसे मुल्क के हैं बोलके. यहीं की हूँ मैं, एसी गार्ड्स मोहल्ले की. मेरे पडदादा निज़ाम के रिसाले में थे. आफ्रिका से लाए उनकू घोड़े संभालने. मैं तो बंबई बी नई देखी.” मग तिनं विचारलं, “क्या होना अम्मा? गिफ्ट?”

“कपड़ा होना,” गीताबाई म्हणाल्या. “चितेंगे. एक लड़की... गुज़र गई. उसके ऊपर डालने.”

जुलेखाचं हसू मावळलं. तिनं काउंटरवर दोन्ही हात टेकले. “चिलेशे?”

गीताबाईंनी मान हलवली.

“कल मालूम हुआ मेरेकू,” जुलेखा म्हणाली. तिनं एक स्टूल पुढं सरकवलं आणि गीताबाईंना बसवलं. “इसीच स्टूल पे बैठती थी. इतवार कू आती, गिराकां के बालां गूंदती, मेरा हाथ बटाती. आप कौन? कॉलेज वाले?”

गीताबाई उत्तर द्यायच्या आतच ती पुढं बोलत सुटली. दुःखात माणूस बोलतं तसं, समोरच्याकडे न बघता. “बहोत सीदी बच्ची थी. उसकी घरमालकिन, मलकपेठ में कोई थी, निकाल दी उसकू. कुछ गलती नई, कुछ नई. दो बैगां लेके यहाँ आई बच्ची, उस कोने में बैठी शाम तलक. कमरा ढूंढे, कोई नई दिया. दो दिन इसी दुकान में रखी मैं उसकू, कपड़ों के ऊपर सुलाई. बाद में टोळीचौकी में जगा मिली, एक कमरे में पाँच. बुखार आया तो कौन देखता अम्मा? सब की परीक्षा. वो घरमालकिन मेरेकू एक बार मिलना बस.”

मीच ती, एवढंच गीताबाईंना म्हणायचं होतं. तेवढ्यात पदरातला फोन वाजला. व्हिडिओ कॉल. बाना चिलेशे.

पडद्यावर एक रुंद, थकलेला चेहरा आला. डोक्याला गडद रुमाल बांधलेला. मागं जमिनीवर बसलेल्या बायका दिसत होत्या. कुणीतरी हलक्या आवाजात काही म्हणत होतं. “पोचलात दुकानात, मामा गीता?”

जुलेखानं एकेक कापड उलगडून फोनसमोर धरलं. पहिल्यावर कुठल्याशा पुढाऱ्याचा चेहरा छापलेला होता. आई म्हणाली, “नको, ते निवडणुकीचं.” दुसरं लालभडक, मोठ्या फुलांचं. “ते लग्नाचं. तिच्या लग्नाला घेतलं असतं.” मागच्या बायकांपैकी एकीचा हुंदका ऐकू आला. पाचवं की सहावं कापड गडद निळं होतं, त्यावर उडणारे छोटे पांढरे पक्षी.

“थांबा,” आई म्हणाली. “हे. हे घ्या. आणि असंच माझ्यासाठीही. ती ज्यात गुंडाळलेली असेल, तेच मला नेसायचंय. पेटीतच ठेवून द्या माझं.”

“इसका एकीच पीस बाकी है,” जुलेखा गीताबाईंना म्हणाली. “छे वार. दो टुकड़े करतूं.”

गीताबाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. आईनं मान हलवली. “एकातलेच दोन. ते तर जास्तच चांगलं.” मग ती जुलेखाला म्हणाली, “तुम्ही दुकानवाल्या ना? माझी मुलगी तुमच्याबद्दल सांगायची. आणि या मामा गीता. त्यांच्याच घरात चिलेशे राहायची, मलकपेठला, शेवटच्या दिवसापर्यंत. तिची इंडियातली आई.” तिनं मागं वळून बायकांना त्यांच्या भाषेत काही सांगितलं आणि फोन त्यांच्याकडे फिरवला. सात-आठ अनोळखी बायकांनी गीताबाईंना हात जोडले. हात जोडायचे असतात, हे चिलेशेनंच त्यांना कधी सांगितलं असेल.

जुलेखाला थोडं इंग्रजी समजत होतं. तिनं हातातलं कापड काउंटरवर ठेवलं आणि गीताबाईंकडे बघितलं. फोन बंद झाल्यावर म्हणाली, “तुमीच है.”

“हौ,” गीताबाई म्हणाल्या.

खालून झेरॉक्सच्या मशीनचा आवाज येत होता. जुलेखानं कात्री घेतली, कापड मधोमध दुमडलं, कडा जुळवल्या आणि कापायला लागली. कात्री सरळ चालत होती.

“मैं आज उसकी माँ कू सच बोल देतूं,” गीताबाई म्हणाल्या. “मेरेकू सहन नई होता उनका शुक्रिया.”

जुलेखाची कात्री थांबली. “किसके वास्ते बोलते? तुमारा सीना हलका करने? बच्ची झूट बोली, माँ सुकून से रहना करके. वो मर गई, उसका एक झूट बचा है. वो बी छीन लेते तुम? आज?” तिनं डोळे पुसले. “नक्को. ये तुमीच उठाओ अब.”

तिनं दोन्ही तुकड्यांच्या घड्या घातल्या. मग दुकानाला कुलूप लावलं आणि म्हणाली, “चलो. तुमकू अकेले नई होता वो काम.”

दवाखान्याच्या शवागारातल्या माणसानं आधी हात हलवले. नातेवाईक नाहीत, परवानगी नाही, उद्या या. गीताबाई त्याच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. वॉर्डात बोलायच्या त्याच खालच्या, ठाम आवाजात त्यांनी विचारलं, ड्यूटी डॉक्टर कोण आहेत, स्टाफची नोंदवही कुठं आहे. एकतीस वर्षांची सवय. दहा मिनिटांत दार उघडलं.

चिलेशे वाळली होती. गीताबाईंना ती उंच आठवत होती. ट्रॉलीवर ती अजूनच लांब वाटली. डाव्या मनगटावर सलाइनच्या सुईवरची चिकटपट्टी तशीच राहिली होती. गीताबाईंनी पर्समधून खोबरेल तेलाची बाटली काढली. निघताना का कोण जाणे, सोबत घेतली होती. तेल लावून लावून ती पट्टी त्यांनी सोडवली, कातडीला ओढ न देता. जिवंत माणसाची सोडवावी तशी. खालचा काळानिळा डाग मात्र जाणारा नव्हता.

जुलेखा डोक्याशी उभी होती. पुढच्या तीन वेण्या सुटल्या होत्या. तिनं त्या पुन्हा घातल्या. बोटं भराभर चालत होती आणि ती पुटपुटत होती, बहुतेक दुवा. दोघींनी मिळून अंग पुसलं, निळं कापड खालून सरकवलं, छातीवर आणलं, गाठ मारली. गाठ कशी मारायची हे जुलेखाला माहीत होतं, चिलेशेनंच शिकवलेलं. दुसरा तुकडा घडी करून पायांशी ठेवला. गीताबाईंनी एका कागदावर इंग्रजीत लिहिलं, ‘आईसाठी’, आणि तो कागद कापडाच्या घडीत खोचला.

“माफ कर ग माय,” त्या मराठीत म्हणाल्या. घरी भाकरी थापताना त्या तिच्याशी मराठीतच बोलत, आणि तिला कळायचंही थोडंफार. आता ते ऐकायला कुणी नव्हतं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर दोघी थोडा वेळ फुटपाथवर उभ्या राहिल्या. जुलेखा म्हणाली, “मेरा गुस्सा गया नई अम्मा. मत समझो.” आणि रिक्षा थांबवून निघून गेली.

पाच दिवसांनी फोटो आला. लाल मातीचा ढीग, भोवती माणसं आणि मधोमध गडद निळं कापड नेसलेली बाना चिलेशे. त्यावर पांढरे पक्षी.

मग दर रविवारी फोन यायला लागला. त्यांच्याकडची दुपार, इथली संध्याकाळ. फोन वाजला की नामदेवराव पेपर घेऊन गच्चीवर जात. वरच्या खोलीत आता विकास नावाचा बँकेतला अविवाहित पोरगा राहत होता. त्याच्याबद्दल कॉलनीतल्या कुणाची काही तक्रार नव्हती. नामदेवराव कमिटीच्या बैठकांना जाणं टाळू लागले होते, पण राजीनामाही देत नव्हते.

आईला बारीकसारीक गोष्टी हव्या असत. काय खायची? अभ्यासाला कुठं बसायची? गाणी म्हणायची का? पहिल्या दहा महिन्यांतलं गीताबाईंना सगळं आठवत होतं, आणि ते सगळं खरं होतं. घाटा, भाकऱ्या, गच्चीवर वाळत घातलेले रंगीत कपडे, आदर्शच्या जुन्या टेबलावरची तिची पुस्तकं. पण आई मधेच विचारायची, “आणि शेवटच्या महिन्यात?” मग गीताबाई आधीच्या महिन्यांतलंच काहीतरी उचलून तिथं ठेवून देत. फोन झाल्यावर त्यांना जेवण जात नसे. दोनदा त्या नामपल्लीला गेल्या. जुलेखा चहा मागवायची. दोघी चिलेशेबद्दल थोडं बोलत.

पाच महिने असे गेले. मग एका रविवारी बाना चिलेशेचा आवाज वेगळाच आला. पहिल्यांदाच त्यात थोडा उजेड होता.

“मामा गीता, तुम्हाला एक सांगायचंय. माझी धाकटी, मुताले. तिला तुमच्या शहरातच नर्सिंगला प्रवेश मिळाला. घरातले सगळे नको म्हणतात. म्हणतात, एक गमावली ना तिथं. मी म्हटलं, चिलेशेला ताप खाऊन गेला, माणसांनी नाही. तिथं मामा गीता आहेत. त्यांच्या घरात राहील, त्याच खोलीत. तुम्ही हो म्हणा, मी उद्या पैसे भरते.”

गीताबाईंनी कसंबसं म्हटलं, थोडा वेळ द्या, एका तासानं मी फोन करते. आणि त्या गच्चीवर गेल्या.

नामदेवरावांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “विकासला खोली सोड म्हणता येईल,” ते म्हणाले, आणि लगेच, “पण एकनाथराव... परत तेच होईल गीता. आपल्यानं तेव्हा झालं नाही, आता कसं होईल?”

“तुम्ही त्यांना नाही म्हणाल का? त्यांच्या तोंडावर?”

नामदेवराव कठड्याला धरून खाली रस्त्याकडे बघत राहिले. नवऱ्याला दोष द्यायचाही गीताबाईंना धीर नव्हता, कारण त्या दिवशी जिना चढून जाऊन बोलल्या होत्या त्या स्वतः.

खाली येऊन त्यांनी फोन लावला. आता गप्प राहिलं तर दुसरी पोर त्याच खोट्यावर विसंबून समुद्र ओलांडणार होती. मोडकंतोडकं इंग्रजी, पण त्यांनी एकही गोष्ट गाळली नाही. कॉलनी, एकनाथराव, खोटं कारण, रविवारची मुदत, दोन बॅगा. दुकानात काढलेले दोन दिवस. टोळीचौकी. “ती माझ्या घरात गेली नाही, बाना चिलेशे. मी तिला काढलं होतं. आणि इतके दिवस तुमचे आभार घेत राहिले.”

पलीकडे कुठंतरी कोंबडा आरवला, एक दार लागलं. मग आवाज आला, अगदी सपाट.

“ती गेली तेव्हा रडली का?”

“नाही. ओके मामा म्हणाली.”

“ती रडत नसे,” आई म्हणाली. “लहानपणीही. मार खाल्ला तरी ओके म्हणायची.” मग तिनं विचारलं, “त्या दिवशी तिला कापड तुम्ही नेसवलं की दुकानवालीनं?”

“दोघींनी.”

“मी आता फोन ठेवते,” बाना चिलेशे म्हणाली आणि तिनं ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गीताबाईंनी एक मेसेज लिहिला. दोन ओळी लिहायला त्यांना अख्खी सकाळ लागली. मेसेज वाचल्याची निळी खूण लगेच आली. उत्तर आलं नाही.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, त्या नामपल्लीला गेल्या. दुकानात कॉलेजच्या पोरींचा घोळका होता. गॅदरिंगच्या नाचासाठी ‘आफ्रिकन लूक’ हवा होता त्यांना. माळा गळ्यात घालून सेल्फी काढणं चाललं होतं. जुलेखानं गीताबाईंना बाजूला घेतलं.

“माँ का फोन आया था मेरेकू, बोर्ड पे का नंबर लगाके. छोटी यहाँ नई आरी. उधरीच दाखिला कराए. माँ बोली, दूसरी कू समंदर पार नई भेजती.”

“मेरे बारे में कुछ बोले?”

जुलेखानं त्यांच्याकडे पाहिलं. “नक्को पूछो अम्मा,” ती हळू म्हणाली. मग पोरींनी तिला हाक मारली, कसलीशी टोपी दाखवा म्हणून, आणि ती तिकडे गेली. गीताबाई थोडा वेळ कापडांसमोर उभ्या राहिल्या, आणि जिना उतरून आल्या वाटेनं परत गेल्या.

घरी नामदेवराव ओसरीत बसले होते. “काय कळलं?”

“येत नाही ती मुलगी.”

“बरं झालं,” त्यांच्या तोंडून निघून गेलं. निघून गेल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं आणि त्यांनी मान खाली घातली.

गीताबाई आत गेल्या आणि साडी न बदलता, दिवा न लावता, पलंगाच्या कडेला बसून राहिल्या.